स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांना काय जमते, हे कसे पाहावे?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात आरोग्याविषयी बोलावे, असे समितीने आम्हांस सुचविले. रक्तदाब आणि मधुमेह यांवर आपण नेहमीच ऐकतो. म्हणून आज आम्ही अशा दुखण्याविषयी बोलणार आहोत, की जे आपल्या वस्तीत घरोघर आहे, पण त्याचे नाव कोणी घेत नाही. लोक म्हणतात, ‘म्हातारचळ लागला’, ‘साठी बुद्धी नाठी’. डॉक्टरी भाषेत त्याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. आम्ही काहीजणी परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झालो आहोत आणि आता महिला मंडळातर्फे घरोघर जातो. तरीसुद्धा या बाबतीत आमच्या हातून एक मोठी चूक झाली. तीच आधी सांगतो.

आपल्याच वस्तीतल्या एका घराची गोष्ट. घरच्यांना विचारूनच सांगत आहोत. नाव सांगणार नाही. त्या घरातल्या आजी शेजारीपाजारी सांगू लागल्या की, सून जेवायला देत नाही. ‘सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही गं माय,’ असे म्हणत डोळ्याला पदर लावायच्या. शेजारणी हळहळायच्या, कोणी भाकर द्यायची, कोणी चहा. बातमी मंडळापर्यंत आली. आम्ही चौघीजणी सुनेला समज द्यायला त्यांच्या घरी गेलो.

जाण्याआधी आम्ही आपसात म्हटले, आजींचे डोके ठिकाणावर आहे की नाही, हे आधी पाहून घेऊ. म्हणून त्यांना विचारले, “आजी, चहा करता का तुम्ही?” “करते की!” “भाकरी?” “करते की, दहा दहा करते.” “विहारात येता?” “येते की, पुनवेला चुकत नाही.” मग आम्ही त्यांना वंदना म्हणायला सांगितली. आजींनी हात जोडून त्रिशरण-पंचशील एकही शब्द न चुकता म्हटले. १९५६ साली वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्याची आठवणही सांगितली. आम्ही एकमेकींकडे पाहिले. एवढे सगळे आठवणारी बाई खोटे कशाला बोलेल? आणि आम्ही त्या सुनेला चार गोष्टी सुनावल्या. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मुलगा कामावर गेलेला होता. मोरीत वरण लागलेले ताट पडलेले होते, ते आमच्यापैकी एकीने पाहिलेही. पण ते कोणाचे, हे विचारायचे तिला सुचले नाही.

पंधरा दिवसांनी आमच्यापैकी दोघी पुन्हा गेलो, न सांगता, दुपारच्या वेळी. आजी जेवत होत्या. भात, वरण, वांग्याची भाजी. आमच्यासमोर त्यांनी ताट संपवले, हात धुतला. पाव तासही झाला नसेल, आजी आमच्या कानाशी येऊन म्हणाल्या, “बघा ना बाई, अजून जेवायला दिलं नाही हिनं.”

तेव्हा आमचे डोळे उघडले. आम्ही म्हणालो, “आजी, आमच्यासाठी चहा टाका बरं.” आजी उत्साहाने उठल्या. पातेले घेतले, पाणी घातले, साखर घातली, पुन्हा साखर घातली. मग पातेले हातात धरून ओट्यापुढे उभ्या राहिल्या. गॅसकडे बघत होत्या, पण पुढे काय करायचे ते त्यांना समजेना. सून पटकन पुढे झाली आणि म्हणाली, “द्या आत्याबाई, मी ठेवते.” बाहेर येऊन आम्ही तिला विचारले, हे कधीपासून? ती म्हणाली, “दीड वर्ष झालं. चहा नाही, भाकरी नाही, काहीच करत नाहीत. आंघोळीचं पाणीसुद्धा मीच घालते. पण सांगू कोणाला? सासूची चहाडी करते म्हणतील.”

दीड वर्ष ती सून आजींचे सगळे करत होती आणि वस्तीत बदनामी मात्र तिचीच झाली. त्यात भर आम्ही घातली. आम्ही तिची माफी मागितली. आमचे नेमके कुठे चुकले, हे आम्ही नंतर बसून तपासले. ते आज तुमच्यापुढे मांडतो, कारण अशी घरे पुष्कळ आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी उलटलेल्या दर शंभरांपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे. स्त्रियांमध्ये, खेड्यांमध्ये आणि ज्यांना शिक्षण मिळाले नाही अशांमध्ये हे प्रमाण जास्त आढळले. शिक्षणापासून कोणाला दूर ठेवले गेले, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आमची पहिली चूक ही की, आम्ही जुनी आठवण तपासली. लहानपणी पाहिलेले, वर्षानुवर्षे रोज म्हटलेले, ते या दुखण्यात बराच काळ टिकते. आजच्या दुपारचे मात्र टिकत नाही. म्हणून वंदना बिनचूक म्हणणाऱ्या माणसालाही स्मृतिभ्रंश असू शकतो. दुसरी चूक, आम्ही ‘करता का?’ असे विचारले आणि उत्तर खरे मानले. आजी खोटे बोलत नव्हत्या. आपण करतो, असेच त्यांना मनापासून वाटत होते. आपले काय हरवले आहे हे आपल्यालाच न कळणे, हा या दुखण्याचा भाग आहे. तिसरी चूक सगळ्यांत मोठी. जी बाई रोज त्यांचे करते, तिला आम्ही काहीच विचारले नाही.

मग पाहायचे काय? डॉक्टर लोकांनीसुद्धा यावर पुष्कळ विचार केलेला आहे. नुसते विसरणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. चष्मा कुठे ठेवला हे आपण सगळेच विसरतो. विसरण्यामुळे आणि गोंधळण्यामुळे रोजची कामे स्वतःची स्वतः करणे जेव्हा जमेनासे होते, तेव्हा डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. म्हणून रोजची कामे पाहणे हीच खरी तपासणी. १९६३ साली अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगच्या सहा कामांची एक यादी प्रसिद्ध केली : आंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, उठून बसणे-चालणे, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. त्यांच्या असे लक्षात आले की, आजारातून सावरणाऱ्या माणसाला जेवणे लवकर जमते आणि आंघोळ व कपडे सर्वांत शेवटी. गमावताना बहुधा उलटा क्रम असतो. आधी आंघोळ जाते, घास तोंडात घालणे शेवटपर्यंत राहते. म्हणून ‘जेवतात की व्यवस्थित!’ एवढ्यावर समाधान मानू नये.

पुढे १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी त्याहून अवघड आठ कामांची यादी दिली : फोन वापरणे, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, वेळेवर औषध घेणे आणि पैशाचा व्यवहार. दुखणे आधी या कामांत दिसू लागते, अंगच्या कामांत नंतर. गंमत पाहा, त्या वेळी पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणे विचारतच नसत. बायकांना आठ कामे, पुरुषांना पाचच! आपल्याकडेही तेच. ज्या बाबांनी जन्मात चहा केला नाही, त्यांना चहा येत नाही म्हणून दुखणे झाले असे ठरवता येणार नाही. आणि ज्या आजीने जन्मात बँकेचे पुस्तक हातात धरले नाही, तिला त्यातले कळत नाही म्हणूनही नाही. ‘आता जमत नाही’ आणि ‘कधी केलेच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दवाखान्यात पुष्कळदा वेगळेच विचारतात. आज तारीख काय, शंभरातून सात वजा करा, हे वाचा, एक वाक्य लिहा. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांनी काय वाचावे आणि काय लिहावे? ही अडचण ओळखून हरियाणातील वल्लभगढ भागात काही भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी निरक्षर, खेडूत वृद्धांसाठी वेगळी प्रश्नावली बनवली. ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. तिचे प्रश्न घरच्या माणसाला विचारायचे असतात आणि ते आपल्या जगण्यातले असतात : जेवल्याचे विसरतात का? गावात वाट चुकतात का? मोठे सण लक्षात राहतात का? दिलेला निरोप पोहोचवतात का? हे वाचले तेव्हा आमच्यापैकी एकजण म्हणाली, “पहिला प्रश्न तर आपल्या आजींचाच आहे!”

आता तुम्हा सर्वांना घरी करता येईल असे काही सांगतो. एक साधी वही घ्या. त्यात चार गोष्टी लिहायच्या.

पहिली गोष्ट, हे माणूस दोन-तीन वर्षांपूर्वी काय काय करत होते. प्रत्येकाचे वेगळे असेल. कोणी रेशन आणायचे, कोणी नातवाला शाळेत सोडायचे, कोणी पौर्णिमेला विहारात झाडून काढायचे, कोणी भिशीचा हिशेब तोंडी ठेवायचे. ज्याची त्याची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या दिवसांशी करायची, शेजारच्या बाबांशी नाही.

दुसरी गोष्ट, त्यातले आता काय होत नाही आणि ते कशामुळे. हे ‘कशामुळे’ फार महत्त्वाचे. सुई ओवता येत नाही ती मोतीबिंदूमुळे असेल. विहारात येत नाहीत ते गुडघ्यांमुळे असेल. विचारले तर उत्तर देत नाहीत ते ऐकू येत नाही म्हणून असेल. बाबा गेल्यापासून आजी काहीच करत नसतील, तर ती मनाची उदासीही असू शकते. डोळे, कान, सांधे, मन यांवर इलाज आहेत. ते न करता म्हातारचळाचा शिक्का मारू नये.

तिसरी गोष्ट, काम कोणत्या पायरीवर अडते. आंघोळ म्हणजे एक काम नाही. पाणी काढणे, हात घालून गरम किती ते पाहणे, कपडे उतरवणे, तांब्याने पाणी घेणे, साबण लावणे, धुणे, अंग पुसणे, कोरडे कपडे घालणे, इतक्या पायऱ्या आहेत. त्या आजींना आम्ही नंतर नीट पाहिले, तर त्या साबणापर्यंत सगळे करत होत्या; साबण लावल्यावर पुढे काय, ते विसरून तशाच बसून राहायच्या. म्हणजे पूर्ण आंघोळ घालण्याची गरज नव्हती. साबणानंतर तांब्या हातात दिला की पुढचे त्या करू लागल्या.

चौथी गोष्ट, मदत कोणत्या प्रकारची लागते. नुसते तोंडाने सांगितले की होते? की करून दाखवावे लागते? की हात धरून सुरुवात करून द्यावी लागते? की सगळे आपणच करावे लागते? या चार पायऱ्या वहीत लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. तारीख घाला. ही वही डॉक्टरांना दाखवा. पाच मिनिटांच्या तपासणीत त्यांना जे दिसणार नाही, ते तुमच्या वहीत दिसेल.

हे पाहताना परीक्षा घेतल्यासारखे करू नका. ‘सांगा पाहू मी कोण?’ असे चार पाहुण्यांसमोर विचारून हसणे तर अजिबात नको. त्यांना उत्तर येत नाही, पण अपमान कळतो. “आजी, जरा तांदूळ निवडू लागता का?” असे म्हणून शेजारी बसा आणि पाहा. आणि एक दिवस पाहून ठरवू नका. सकाळी जमते ते संध्याकाळी जमत नाही, असे या दुखण्यात पुष्कळदा होते.

डॉक्टरांकडे मात्र लवकर न्या. थायरॉईड कमी पडणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधांचा परिणाम, डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त, यांमुळेही माणूस असे वागू लागते आणि यांवर उपाय असतो. त्यातही, कालपर्यंत नीट असलेले माणूस एक-दोन दिवसांत एकदम बरळू लागले, ओळखेनासे झाले, तर ती वाट पाहण्याची वेळ नाही. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, साखर कमी-जास्त होणे असे काही असू शकते. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. वृद्धांसाठी १४५६७ ही सरकारी मोफत मदतवाहिनी आहे, तिचाही उपयोग करावा.

ही वही कशासाठी, तर दोन टोके टाळण्यासाठी. एक टोक म्हणजे ‘करतात की’ म्हणून त्यांच्या हाती गॅस, औषधे आणि पेन्शनचे पैसे तसेच सोपवणे. त्यातून आग लागते, गोळ्या दोनदा घेतल्या जातात, कोणीही अंगठा उठवून घेतो. दुसरे टोक म्हणजे सगळेच काढून घेणे. ‘तुम्ही बसा, काही करू नका.’ प्रेमानेच म्हणतो आपण. पण हातातले काम गेले की येत होते तेही लवकर जाते, आणि माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसते. भगवंतांनी शिकवलेला मध्यम मार्ग इथेही लागू आहे. जमते तेवढे त्यांना करू द्यावे, अडते तेवढेच आपण करावे.

त्या आजींचे आता कसे चालले आहे, ते सांगतो. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. सून पीठ मळून उंडा समोर ठेवते. उंडा हातात आला की आजी भाकरी अशी गोल थापतात, की पाहत राहावे! हात विसरलेले नाहीत. तव्यावर टाकण्याचे आणि गॅसचे काम सुनेचे. जेवणानंतर ताट लगेच न उचलता थोडा वेळ समोर राहू देतात. ‘जेवले नाही’ म्हणाल्या, तर वाद न घालता सून म्हणते, “थांबा आत्याबाई, देते,” आणि थोडे चुरमुरे किंवा केळ्याचा तुकडा हातावर ठेवते. शेजारणींना सगळे समजावून सांगितले आहे. आता आजी दारात आल्या की शेजारणी त्यांना बसवून घेतात आणि सुनेला हाक मारतात. आठवड्यातून दोन दुपारी आमच्यापैकी कोणी ना कोणी जाऊन बसते, म्हणजे त्या माउलीला बाजारात जाता येते, जरा पाठ टेकता येते. मुलगा रविवारी आईची आंघोळ-जेवण पाहतो. सुरुवातीला तो लाजत होता. आम्ही म्हटले, “दादा, तिने तुमची किती वर्षे केली?”

शेवटी विनयपिटकातल्या दोन प्रसंगांची आठवण करतो. महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. त्याला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. इतर भिक्खू त्याची सेवा का करत नाहीत, असे भगवंतांनी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की, तो इतरांच्या काही कामाचा नाही म्हणून. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. भगवंतांनी पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. म्हणून बंधू-भगिनींनो, काय जमते आणि काय जमत नाही याची वही आपण ठेवू, ती मदत किती करायची हे ठरवण्यासाठी. माणूस कामाचे की बिनकामाचे, हे त्या वहीत लिहायचे नाही.

दुसरा प्रसंग गग्ग नावाच्या भिक्खूचा. त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते. उपोसथाचा दिवस त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. नियम तर असा की, सर्वांनी एकत्र जमून उपोसथ करावा. भगवंतांनी त्याला संघाबाहेर काढायला सांगितले नाही. कधी आठवणारा आणि मुळीच न आठवणारा, कधी येणारा आणि मुळीच न येणारा, असा फरक त्यांनी आधी स्पष्ट केला. मग सांगितले की, अशा भिक्खूबाबत संघाने संमती द्यावी. गग्गाला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघाचे कार्य पूर्ण समजावे. पुढे गग्ग बरा झाला, तेव्हा काही भिक्खू त्या काळातल्या वागण्याबद्दल त्याला पुन्हा पुन्हा टोचू लागले. तेही भगवंतांनी थांबवले. त्याला ‘अमूढविनय’ म्हणतात. गग्गाचे दुखणे स्मृतिभ्रंशच होते, असे आमचे म्हणणे नाही. तो तर बरा झाला. पण ज्याची आठवण जाते-येते अशा माणसाशी संघाने कसे वागावे, हे तिथे सांगितलेले आहे.

आपल्या वस्तीचा, आपल्या विहाराचाही एक संघच आहे. पौर्णिमेच्या वंदनेला एखादी आजी मध्येच उठून चालू लागली, एखादे बाबा तेच तेच विचारू लागले, तर कोणी ‘शू’ करू नये. शेजारच्याने हात धरावा, वंदना चालू राहू द्यावी. आणि एखाद्या सुनेबद्दल काही कानावर आले, तर तिला बोल लावण्याआधी तिच्या घरी दोन तास बसून यावे. आम्ही तसे केले नाही, म्हणून हे सांगण्याचा आम्हांला अधिकार आहे.

त्या आजी आज इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत. थोड्या वेळाने वंदना होईल, तेव्हा त्यांचा आवाज तुम्हाला ऐकू येईलच. त्यांच्या शेजारी त्यांच्या सूनबाई आहेत. त्यांना मात्र आज भोजनदानाच्या वाढपाला उठवू नका. आज त्यांना पंगतीत बसवून आम्ही वाढणार आहोत.



नमो बुद्धाय! जयभीम!